सुनेला झाड, लेकीला पिल्लू

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजारातल्या आमच्या घरामागे जेवढी जागा होती तेवढीत एखाद्यानं फार तर स्कूटर उभी केली असती. आईनं तिथे बाग केली होती. बाग हा तिचा शब्द. बाबा तिला 'हिची शेती' म्हणायचे. सगळं अंगण फरशीचं, नळापासून मोरीकडे उतरतं, आणि फरश्यांमधून जिथे म्हणून माती डोकावत होती तिथे काहीतरी खाण्याजोगं उगवलेलं. नळाच्या पायाशी गवती चहाचा झुबका, मोरीच्या ओलीला अळू, फुटक्या बाल्टीत पानओवा, भिंतीकडेच्या वाफ्यात कोथिंबीर, आणि मधोमध विटांच्या चौकोनी आळ्यात कढीलिंब. शेजारी त्याला मीठा नीम म्हणत आणि घरी कढी करायची झाली की पोर पाठवून चार पानं मागत. आई देई, पण स्वतःच्या हातानं मोडून. दुसऱ्या कोणी ओरबाडलेलं तिला खपत नसे. फूलझाड मात्र एकही नव्हतं. आत्या माधवगंजातून आली की म्हणायची, "वहिनी, देवाला वाहायला एक फूल नाही हो तुमच्या अंगणात." आई म्हणायची, "देव रोज जेवतो ना? मग झालं."

सकाळी सराफ्याच्या बाजूनं ठोकठोक सुरू व्हायच्या आत आमच्या घरात रवी घुमायला लागलेली असे. लोणी निघालं की आई ताक पातेल्यात ओती, मग रवी आणि ताकाचं भांडं थोड्या पाण्यानं विसळून ते पांढरं पाणी कढीलिंबाच्या आळ्यात घाली, आणि त्यानंतर पातेल्यातल्या ताकात मीठ टाकी. हा क्रम तिनं कधी कोणाला सांगितला नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नसेल. तिच्या आईच्या घरीही तसंच होतं. तोंडानं ती एवढंच म्हणे, "कढीलिंबाला ताक लागतं." थंडीत पाला पडायच्या, दव गोठायच्या दिवसांत त्याच झाडाला ती आपलं जुनं लुगडं पांघरायची. दादा म्हणायचा, "कुंदा, आईला दोन मुलं नाहीत, तीन आहेत, आणि धाकटं जास्त लाडकं आहे."

त्या झाडाची एक रीत होती. कढीलिंबाच्या मुळांना आजूबाजूला पिल्लं फुटतात. लेक सासरी निघाली की आईनं त्यातलं एक मुळासकट काढून तिच्याबरोबर द्यायचं. आमचं झाड आईबरोबर इंदूरहून आलेलं, तिच्या आईचं आणखी दक्षिणेतून कुठून तरी. बाकीची पिल्लं आई उपटून टाकी, पण मोरीजवळ भिंतीच्या कडेला आलेलं एक तिनं ठेवलं होतं. अळूच्या पानांआड ते दिसायचंही नाही. "ते कुंदाचं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि मी लाजून आत पळायची.

एवढं सगळं त्या झाडाचं कौतुक, पण पान जेवणात आलं की आम्ही ते ताटाच्या कडेला काढून ठेवायचो. बाबा ओळीनं लावत, दादा ढीग करी, आई कडेला नीट दडपून ठेवी. वास घ्यायचा, पान टाकायचं. सगळीच घरं असं करतात, त्यात आमचं विशेष काही नव्हतं. आज आमच्या फ्लॅटच्या दारात भाजीबरोबर प्लॅस्टिकच्या पाकिटात जो कढीपत्ता येऊन पडतो त्याला तर वासही नसतो. तो नुसताच कडेला काढण्यासाठी येतो.

सरोजवहिनीला दादानं आणलं ते थेट कोर्टातून. बाड्याच्या चौकाजवळच्या टायपिंगच्या क्लासात दोघांची ओळख झाली होती. ती दतियाची, कायस्थांची, शिकण्यासाठी मामाकडे राहणारी. तिच्या वडिलांनी त्याच दिवशी सांगून टाकलं की आजपासून आमची मुलगी नाही. आमच्याकडे आईनं दारात ओवाळलं, माप ओलांडायला लावलं, सगळं यथासांग केलं. फक्त चेहरा असा, की चुकीच्या घरी आलेल्या पाहुणीचा मान ठेवते आहे. त्या दिवशी जेवायला कढी होती. वहिनीनं खाली मान घालून जेवण संपवलं, आणि दादा एकदम हसायला लागला. तिच्या ताटाच्या कडेला काहीच नव्हतं. कढीतली सगळी पानं तिनं चावून खाल्ली होती.

"काढून ठेवायची असतात ती," दादा म्हणाला.

वहिनी गोंधळली. "क्यों? इतना अच्छा तो लगता है. फेंकते क्यों हैं?"

 दुसऱ्या दिवशी वाढताना आईचा डाव पातेल्याच्या तळापर्यंत गेला आणि पानं तेवढी वहिनीच्या वाटीत पडली. आमच्या घरात माया अशी आडवाटेनं यायची. तोंडानं कोणी बोलत नसे.

मग हळूहळू त्या दोघींचं अंगणात जमायला लागलं. स्वयंपाकघरात आईला दुसरी बाई सोसवत नसे, पण बागेत चाले. कोथिंबीर पेरायच्या आधी धणे पाट्यावर टाकून वरवंटा हलकेच फिरवायचा, दोन फाका झाल्या पाहिजेत, पीठ नाही; हे वहिनी शिकली. गवती चहा कापताना बोट कसं वाचवायचं ते शिकली, पहिल्यांदा बोट कापून घेऊन. स्वतःचं म्हणून तिनं एकच झाड आणलं, पुदिना. तिला तो वाफ्यात लावायचा होता. आई म्हणाली, "छे, पुदिन्याला दिली ओसरी, पुदिना हातपाय पसरी. डब्यात लाव." ही म्हण खरी कोणावर आहे ते दादानं वहिनीला समजावून सांगितलं आणि तिघंही हसली. आई हसली म्हणून मला तो दिवस आठवतो. उन्हाळा होता, तरटाचा पडदा भिजवून टांगला होता, आणि आई पदर तोंडाशी धरून हसत होती.

त्याच दिवसांत कधीतरी वहिनीनं अळूच्या आडचं ते पिल्लू पाहिलं आणि विचारलं, "आई, हे कोणाचं?" मराठी ती फार लवकर शिकली. अडली की हिंदीचा हात धरायची आणि पुढे जायची.

"ते कुंदाचं. लेकीला देतात, सासरी जाताना."

"और बहू को?"

आई हातातलं खुरपं पुसत म्हणाली, "सुनेला कशाला पिल्लू? सुनेला अख्खं झाड मिळतं. माझ्यामागे हे तुझंच."

वहिनीनं झाडाकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. माहेर तुटलेली मुलगी ती. तिला त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी 'तुझं' म्हणून काही दाखवलं होतं.

दादा झाशी रोडवर गेला. दुपारची वेळ, समोरून ट्रक. त्याबद्दल मी एवढंच लिहिणार आहे. इतक्या वर्षांत त्यापुढे लिहिण्याचा धीर मला झालेला नाही आणि आता होईल असं वाटत नाही.

आई रडली नाही. ती गप्प झाली. बोलायचं म्हणून बोलणंही थांबलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायची, अंगणाकडे पाठ करून. रवी खुंटीला टांगलेली राहिली. बाबा कचेरीतून आले की तिच्या शेजारी बसून म्हणायचे, "दोन घास घे." ती दोन घास घ्यायची, अक्षरशः दोन, आणि ताट सारायची. गल्लीतला रेडिओ, सराफ्याची ठोकठोक, शेजारच्या मुलांचा दंगा, सगळं होतं तसं चालू होतं आणि मला त्या सगळ्यांचा संताप यायचा.

दिवसकार्य झालं आणि वहिनीचे मोठे भाऊ दतियाहून आले. शाळेत मास्तर होते, सज्जन माणूस. वडिलांचा राग निवला होता. ते बाबांसमोर हात जोडून म्हणाले, "इसे घर ले जाने दीजिए. अभी इसकी उमर ही क्या है." बाबा म्हणाले, "तिची इच्छा." वहिनी दाराआडून बाहेर आली. म्हणाली, "आई जा म्हणतील तर जाईन. त्या म्हणेपर्यंत मी इथली." भावानं आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे पाहत होती. भाऊ परत गेले, जाताना म्हणाले की गर्मी के बाद फिर आऊँगा.

म्हणजे सगळं आईच्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. राहा म्हण किंवा जा म्हण. मी रात्रंदिवस मनात घोकत होते, आई, राहा म्हण. माझा दादा गेला होता, मला वहिनी तरी हवी होती. आणि वहिनीनं कंबर कसली, की आईला आधी जेवायला लावायचं. जेवली की बोलेल. पोटात अन्न गेलं की तोंडाला शब्द येतो, असं तिची दतियाची आजी म्हणायची म्हणे.

रवी तिनं खुंटीवरून काढली. तिच्या माहेरी मठ्ठा करत. पातेल्यातच मीठ, काळं मीठ, भाजलेलं जिरं, आणि वाटलेला पुदिना. डब्यातला तो तिचा पुदिना आता रानासारखा फोफावला होता. रोज जेवणाच्या वेळी ती तो हिरवट मठ्ठा ग्लासात भरून आईसमोर ठेवायची. "आई, थोडं ताक. पुदिना घातलाय. ठंडक पडेल." आई ग्लासाला हात लावत नसे. जेवणं उरकली की वहिनी तो भरलेला ग्लास उचलायची, अंगणात जायची, आणि कढीलिंबाच्या आळ्यात ओतायची. अन्न टाकायचं नाही हे तिला कळत होतं, आणि कढीलिंबाला ताक लागतं हे तर आईनंच सांगितलेलं. पातेल्यात उरलेलाही तिथेच जायचा. उलट तिला वाटायचं, आईचं झाड आपण उपाशी ठेवलं नाही. मी रोज पाहायची. मला तरी कुठे काय ठाऊक होतं? ताक झाडाला जायचं, एवढंच मलाही माहीत होतं.

होळी झाली, ऊन तापायला लागलं. ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला मी काय सांगू. नळाचं पाणी हाताला चटका देतं. वहिनीनं तरटं टांगली, कोथिंबिरीवर सावली केली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. सगळं जगलं. कढीलिंबाची पानं मात्र कडेनं करपायला लागली. वहिनीला वाटलं, लू लागली, गरम वाऱ्याची झळ. तिनं झाडाला लुगडं पांघरलं, आई थंडीत पांघरायची ते. आणि ताक वाढवलं. पुढे पानं हात लावताच गळायला लागली, मग हात न लावताही. वैशाख संपला तेव्हा झाडाला नुसत्या काड्या होत्या.

नेमकी त्या दिवशी आत्या आली. अंगणात डोकावली आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाली, "हे काय? हे पण वाळलं? आधी मुलगा, आता झाड. पायगुण म्हणतात तो काही उगीच नाही म्हणत." वहिनी पाट्यापाशी चटणी वाटत होती. तिचा हात थांबला. तिनं वर पाहिलं नाही. माझ्या अंगाची आग झाली, पण मोठ्यांपुढे बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि मी नुसती दाराशी उभी राहिले.

तेव्हा आई उठली. कितीतरी महिन्यांनी तिनं अंगणाकडे तोंड केलं. अनवाणी, त्या तापलेल्या फरशीवरून ती चालत गेली आणि आळ्यापाशी बसली. एक काडी मोडून पाहिली, आत हिरवं नव्हतं. मग तिनं मातीवरून हात फिरवला. वर पांढरी पापडी धरली होती. आईनं ती नखानं खरवडली आणि जिभेवर ठेवली.

"मीठ," ती म्हणाली.

दादा गेल्यानंतरचा तिचा पहिला शब्द. आवाज ओळखू येईना, घशात गंज चढल्यासारखा. वहिनी धावत गेली आणि तिच्यासमोर बसली. आईनं विचारलं, "काय घालत होतीस गं?"

"मठ्ठा, आई. तुमचा ग्लास. तुम्ही घेत नव्हतात ना... तो फेंकूँ कैसे? तुम्हीच म्हणाला होतात, झाडाला ताक..." आणि बोलता बोलताच तिला कळलं. तिचा चेहरा मी पाहिला. देवाशप्पथ सांगते, तसा चेहरा पुन्हा कोणाचा पाहायची वेळ माझ्यावर येऊ नये. "आई, नमक? नमक से? मी मारलं?"

आईनं तिचं मनगट धरलं. मग मान वळवून आत्याला म्हणाली, "वन्सं, मुलगा माझा ट्रकनं गेला. आणि झाड मी न प्यायलेल्या ताकानं गेलं. ह्यात हिचं नाव पुन्हा घ्यायचं नाही." आत्या चहा न घेताच गेली, आणि आमच्या घरातून चहा न घेता जाणं म्हणजे काय ते लष्करातल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

पुढचे काही दिवस वहिनी बाल्टीमागून बाल्टी त्या आळ्यात ओतत राहिली. मीठ धुऊन जाईल अशी तिची आशा. नळ यायचा तेवढा वेळ ती तिथेच. आई तिच्याकडे बघत बसायची, आता अंगणाकडे तोंड करून. आई बोलायला लागली होती, अर्धी पोळीही खायला लागली होती, आणि मला वाटलं, झालं, आता ती राहा म्हणेल. झाड गेलं तर गेलं. मी मनात पेढे वाटून मोकळी झाले होते.

उन्हाळा सरला आणि भाऊ म्हटल्याप्रमाणे आले. बैठकीत बसले.  आई आतून आली ती तिच्या हातांना माती. मोरीजवळच्या अळूत शिरून, ते भिंतीच्या कडेचं पिल्लू तिनं मुळाभोवतीच्या मातीसकट काढलं होतं. मोरीचं पाणी सतत वाहायचं म्हणून तिथवर मीठ पोचलंच नव्हतं. वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात ते बसवून, वर ओलं फडकं बांधून, आईनं तो डबा वहिनीपुढे धरला.

वहिनीनं हात पुढे केला नाही. "आई, हे तर कुंदाचं आहे. मला झाड मिळणार होतं."

"झाड राहिलं नाही, बाळ."

"मी लावीन. यहीं लगाऊँगी. आता मला माहीत आहे, मीठ घालायच्या आधी. आई, मी इथेच राहीन. तुम्ही एकदा म्हणा."

आईनं डबा तसाच पुढे धरून ठेवला.  मग ती म्हणाली, "इथे राहिलीस तर जन्मभर माझा ग्लास भरशील आणि जन्मभर तो कुठेतरी ओतशील. मला बघवणार नाही. तू जा. पुन्हा घर कर."

"मला काढताय, आई?"

"सुनेला काढतात. लेकीची पाठवणी करतात," आई म्हणाली. "हे लेकीला देतात. घे."

वहिनी आईच्या पायाशी बसून अशी रडली, की तिचे भाऊही तोंड फिरवून रडले. आईनं तिची ओटी भरली. विधवेची ओटी भरत नाहीत हे आईला माहीत नव्हतं असं नाही. टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. वहिनी मांडीवर डबा घेऊन बसली, आणि वळण येईपर्यंत ते चार पानांचं पिल्लू हलताना मला दिसत होतं. मी आईशी कित्येक दिवस बोलले नाही. ती माझी वहिनी होती आणि ते माझं पिल्लू होतं, आणि आईनं दोन्ही एकाच टांग्यात घालून पाठवलं. तो राग बरीच वर्षं माझ्यात होता. आज मी आई तेव्हा होती त्याहून म्हातारी आहे आणि मला वाटतं आईनं बरोबर केलं. तरीही मनातली ती मुलगी अजून ऐकत नाही. तिला वाटतं, राहा म्हणायला हवं होतं.

त्या दिवसापासून आई ताक प्यायला लागली. अळणी. मीठ तिच्या ग्लासात शेवटपर्यंत पडलं नाही, आणि खालचा एक घोट ती उठून त्या रिकाम्या आळ्यात ओतून यायची. आम्हालाही तीच सवय लागली. माझा नातू परवा माझ्या ग्लासातलं ताक चाखून म्हणाला, "आजी, इसमें नमक डालना भूल गई क्या?" मी म्हटलं, आमच्याकडे असंच पितात. त्याला काय सांगणार?

माझं लग्न झालं तेव्हा आईनं माझ्या ओटीत नारळाबरोबर पाट्यावर फोडलेल्या धण्यांची पुरचुंडी घातली. पिल्लाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. वहिनीचं पुन्हा लग्न झाल्याचं कानावर आलं होतं, त्यापलीकडे काही नाही. रीतच होती तशी. नव्या घरात जुन्या घराची सावली पडू द्यायची नाही.

मग एकदा सासरच्या मंडळींबरोबर दतियाला देवीच्या दर्शनाला गेले. दर्शन झालं, सगळे जेवायला बसले, आणि मी तिच्या मास्तर भावाचं घर शोधून, तिथून पत्ता घेऊन तिच्या नव्या सासरच्या दारापर्यंत पोचले. दार तिनंच उघडलं. अंगानं भरली होती, कपाळावर मोठी टिकली. तिनं मला लगेच ओळखलं. आतून सहा-सात वर्षांची मुलगी पळत आली आणि विचारायला लागली, मम्मी, कौन हैं? वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. "मौसी हैं, बेटा. ग्वालियर में हमारे पड़ोस में रहती थीं."

पडोस में. मी हसून मान हलवली. दुसरं काय करणार होते? त्या पोरीच्या जगात दादा कधी नव्हताच. आणि मी तिथे बसून पेढा खात होते.

वहिनी पाणी आणायला आत गेली तशी मुलीनं माझा हात धरून मला अंगणात नेलं. अंगणाच्या मधोमध कढीलिंब. पत्र्याच्या वर गेलेला, काळसर हिरवा. "ये हमारा पेड़ है," ती म्हणाली. "मम्मी किसी को तोड़ने नहीं देतीं, खुद तोड़ती हैं. इसमें रोज़ मठ्ठा डालती हैं, बिना नमक का. नमक से मर जाता है, पता है आपको?"

"हो," मी म्हटलं. "पता है."

"ये नानी के घर से आया था. मम्मी की शादी में नानी ने दिया था."

वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता ती झाडाशी गेली, वरची एक मोठी डहाळी मोडली, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. मग हळूच, इतक्या वर्षांनीही स्वच्छ मराठीत, तिनं विचारलं, "आई ताक घेतात?"

"घेतात. अळणी."

तिनं मान हलवली. 

ग्वाल्हेरला उतरल्यावर मी सासरी न जाता आधी खासगी बाजारात गेले. पडोस में रहती थीं हे मी आईला सांगितलं नाही. बाकीचं सगळं सांगितलं, नानीचंही. आईनं ऐकून घेतलं, डहाळी फडक्यातून सोडवली, नाकाशी धरली, आणि म्हणाली, "जेवून जा. कढी करते." घरात फोडणीचा वास भरला, तो जुना वास, जो त्या झाडाबरोबर गेला होता. आम्ही तिघं जेवायला बसलो.  जेवणं झाल्यावर ताटं मीच उचलली. बाबांच्या ताटाच्या कडेला पानं ओळीनं लावलेली होती. माझ्याही ताटात होती. आईच्या ताटात एकही नव्हतं.